राजधानी रिकामी करून राज्य राखणारा राजा: लान सांगचा सेत्थाथिरात

रानजाई

बँकॉकला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की त्यांना राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या दर्शनाला न्यायचं, हे आमच्या घरात ठरलेलं. मूर्ती लहानशी, ६६ सेंटिमीटरची. पाचू नुसता नावाला, दगड दुसराच हिरवा आहे. ती इतक्या उंचावर बसवलीय की मान पार मागे टाकून बघावं लागतं. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू पालटला की ते बदलायला राजा येतो. या मूर्तीसमोर मी कितीदा बसले असेन, पण ती इथे आली कुठून हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लाओसला गेलो. राजधानी व्हिएंतियानमध्ये हो फ्रा केओ नावाची देखणी वास्तू आहे. चारी बाजूंनी ओसरी आणि ओसरीत ओळीनं मांडलेले ब्राँझचे काळपट बुद्ध. हो फ्रा केओ म्हणजे रत्नबुद्धाचं घर. तिकीट देणाऱ्या मावशींना मी विचारलं, मुख्य मूर्ती कुठे आहे? त्यांनी नदीकडे हात केला आणि एकच शब्द म्हणाल्या, "बँकॉक". मेकाँगच्या पलीकडच्या तीरावर थायलंडच दिसतो.

देव्हारा इकडे आणि देव तिकडे. तो देव्हारा ज्यानं बांधला त्या राजाबद्दल परतल्यापासून वाचतेय. मराठीत त्याच्याबद्दल काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

त्याचं पूर्ण नाव सायसेत्थाथिरात. ऐकायला परकं वाटतं, पण फोड केली की आपलंच निघतं: जय + ज्येष्ठ + अधिराज. जन्म १५३४ चा. राज्याचं नाव लान सांग. 'लान' म्हणजे दहा लाख आणि 'सांग' म्हणजे हत्ती. फा न्गुम नावाच्या राजपुत्रानं १३५३ मध्ये ख्मेर फौज घेऊन हे राज्य उभं केलं होतं. तो अंगकोरच्या दरबारात वाढलेला आणि तिथलाच जावई. सेत्थाथिरात जन्मला तोवर राज्याला १८० वर्षं होऊन गेली होती आणि त्याचे वडील फोतिसारात गादीवर होते.

आई शेजारच्या लान ना राज्याची, म्हणजे चिआंग माईच्या राजघराण्यातली. तिकडे राजाचा खून झाला, गादीला वारस उरला नाही, तेव्हा तिथल्या सरदारांनी मुलीच्या मुलाला बोलावलं. १५४६ मध्ये बारा वर्षांचा सेत्थाथिरात चिआंग माईचा राजा झाला. वर्षभरातच वडील गेले. हत्ती पकडण्याच्या खेळात हत्ती अंगावर पडून त्यांचा अंत झाला. इकडे सावत्र भावांनी गादीवर हक्क सांगायला सुरुवात केली. पोरगा चिआंग माईहून निघाला आणि निघताना तिथला हिरवा बुद्ध सोबत घेऊन आला. १५४८ मध्ये तेव्हाच्या राजधानीत, लुआंग प्रबांगला, तो लान सांगचा राजा झाला तेव्हा चौदा वर्षांचा होता.

चिआंग माईला तो परत गेला नाही. तिथल्या सरदारांनी वाट पाहिली आणि १५५१ मध्ये मेकुती नावाचा दुसरा राजा बसवला. मूर्ती मात्र लाओसमध्येच राहिली.

आता त्या काळातलं मोठं संकट. ब्रह्मदेशात पेगूच्या गादीवर बयिन्नौंग आला होता. त्यानं १५५५ मध्ये आवा घेतलं, मग शान संस्थानं घेतली आणि १५५८ मध्ये चिआंग माई. म्हणजे लान सांगच्या पश्चिमेचा दरवाजाच गेला. लुआंग प्रबांग डोंगरात, नद्यांच्या बेचक्यात वसलेलं, सुंदर पण अरुंद. त्यात चिआंग माई जवळ. सेत्थाथिरातनं १५६० च्या सुमारास राजधानी हलवून दक्षिणेला व्हिएंतियानला नेली. तिथे नदीकाठचं सपाट भातखाचर आहे, व्यापाराची वाट आहे आणि अयुथ्येचं सयामी, म्हणजे आजच्या थायलंडमधलं, राज्य हाताशी आहे. निघण्याआधी त्यानं लुआंग प्रबांगला वाट सिएंग थोंग हे विहार बांधलं. त्याची उतरती छपरं जवळजवळ जमिनीला टेकतात. पक्षिणीनं पिलांवर पंख पसरावेत तशी. फ्रा बांग ही राज्याची जुनी मूर्ती त्यानं तिथेच ठेवली आणि त्या मूर्तीवरूनच शहराचं नाव लुआंग प्रबांग पडलं. नव्या राजधानीत हिरवा बुद्ध आणि जुन्या राजधानीत फ्रा बांग, अशी ही वाटणी. जुन्या शहराला पोरकं न करता राजधानी हलवणं याला मी मोठी समज म्हणते.

१५६० मध्येच त्यानं अयुथ्येच्या महाचक्रफत राजाशी तह केला. हा तह कागदावर ठेवला नाही. दोन्ही राज्यांच्या सीमेवर, आजच्या थायलंडमधल्या लोई प्रांतात दान साई इथे दोघांनी मिळून स्तूप बांधला. १५६३ पर्यंत काम चाललं. नाव फ्रा थात सी सोंग राक. 'सोंग' म्हणजे दोन आणि 'राक' म्हणजे प्रेम. दोन राज्यांच्या मैत्रीचा स्तूप. तिथे आजही लाल कपडे घालून किंवा लाल फुलं घेऊन जाता येत नाही. लाल हा रक्ताचा रंग, आणि मैत्रीच्या जागी रक्ताची आठवण नको. मी गेले तेव्हा गळ्यात लाल ओढणी होती. पायऱ्यांपाशी बसलेल्या आजोबांनी हातानं खूण केली, ओढणी काढायला लावली, नीट घडी करून आपल्या पिशवीवर ठेवली आणि मी उतरेपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसले. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या तहाचा मान आजही राखतात! मला तिथे भरून आलं.

तहाला नात्याची जोड द्यायची म्हणून सेत्थाथिरातनं अयुथ्येची राजकन्या थेपकसत्री (देवक्षत्री) हिला मागणी घातली. तिची आई राणी सुरियोथाई ब्रह्मी फौजेशी लढताना हत्तीवर मारली गेली होती, त्या घराण्याचा मान मोठा. मुलगी आजारी म्हणून अयुथ्येनं दुसरी राजकन्या पाठवली. सेत्थाथिरातनं तिला सन्मानानं परत पाठवलं आणि मी सुरियोथाईची मुलगी मागितली होती असं कळवलं. थेपकसत्री निघाली. वाटेत फेचाबूनजवळ बयिन्नौंगच्या माणसांनी वऱ्हाडावर छापा घातला आणि तिला पेगूला नेलं. तिची आणि सेत्थाथिरातची भेट कधीच झाली नाही.

१५६४ मध्ये अयुथ्येनं बयिन्नौंगपुढे मान तुकवली. १५६५ च्या सुरुवातीला ब्रह्मी फौज व्हिएंतियानमध्ये शिरली. राजा निसटला, पण राजवाड्यातल्या काही राण्या आणि राजाचा भाऊ, जो उपराजा होता, ते शत्रूच्या हाती लागले आणि पेगूला गेले. फौजेनं राजाचा माग काढायचा प्रयत्न केला, दमली आणि मागे फिरली.

आता माझं म्हणणं नीट मांडते. राजा परत आला. शहर लुटलेलं, घरातली माणसं शत्रूकडे, मित्र अयुथ्या शत्रूच्या मुठीत. आणि १५६६ मध्ये, वर्षभरात, त्यानं फा थात लुआंगचं काम काढलं. सोन्याचा स्तूप, आज लाओसच्या नोटांवर आणि राजमुद्रेवर आहे तो. हो फ्रा केओचं सालही १५६५ दिलं जातं. हरलेला म्हणावा असा माणूस इतकं बांधतो, ते का? मला वाटतं त्याला दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या होत्या. शहर सोडता येतं, कारण राज्य म्हणजे माणसं, हत्ती आणि धान्याची कोठारं. आणि शहर परत बांधावं लागतं, कारण सोडून गेलेल्या माणसांना परत यायला काहीतरी लागतं. लांबून दिसणारं, सोन्याचं.

१५६९ मध्ये बयिन्नौंगनं अयुथ्या पूर्ण जिंकली आणि तिथून थेट व्हिएंतियानवर आला. या खेपेला सेत्थाथिरातची तयारी होती. त्यानं सगळं शहर आधीच रानात नेलं. ब्रह्मी फौजेला रिकामी घरं मिळाली. राजा नाम न्गुम नदीच्या बाजूच्या जंगलात. फौज पाठलाग करायची, तो सापडायचा नाही. तिच्या मागच्या तुकड्या मात्र त्याला सापडायच्या. धान्य संपलं, रोगराई पसरली, पाऊस तोंडावर आला आणि १५७० मध्ये ज्या बयिन्नौंगनं अयुथ्येसारखं शहर घेतलं होतं तो रिकाम्या हातानं परतला.

पुढचा भाग दुःखाचा आहे. तो प्रतिसादांत लिहीन.

अनवट

रानजाई, फार सुंदर. ओढणीवर हात ठेवून बसलेले आजोबा डोळ्यांसमोर आले. लाओस म्हणजे माझ्यासाठी नकाशावरचं एक नाव होतं. शेवटही लिहाच.

सह्यकडा

लेख आवडला, पण एक टोचणी आहे ती लिहितो. आपण गनिमी काव्यावर वाढलेली माणसं, त्यामुळे जंगलातून लढणारा राजा दिसला की लगेच जवळचा वाटतो. पण १५६५ मध्ये त्यानं स्वतःच्या राण्या आणि भाऊ मागे ठेवले. स्वतः सुटला. याला डावपेच म्हणायचं की पळून जाणं? शहरातल्या सामान्य माणसांचं काय झालं असेल? राण्यांचा निदान उल्लेख तरी आहे.

रानजाई

सह्यकडा, हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याला सोपं उत्तर नाही. १५६५ ची खेप ही माझ्या मते हारच आहे, तिला झाकायची गरज नाही. म्हणून तर दुसरी खेप महत्त्वाची. पहिल्या खेपेला राजा सुटला आणि शहर सापडलं. दुसऱ्या खेपेला शहरच सोबत निघालं. चार-पाच वर्षांत तो जे शिकला ते हे. पहिल्या खेपेला गेलेल्या राण्या आणि भाऊ त्या धड्याची किंमत होते, आणि ती किंमत त्यानं नाही, त्यांनी मोजली. हे तुमचं बरोबर आहे.

सामान्य माणसांचं म्हणाल तर त्या काळी या भागातल्या लढाया जमिनीपेक्षा माणसांसाठी व्हायच्या. जमीन पुष्कळ, कसायला हात कमी. जिंकलेली गावंच्या गावं उचलून आपल्या मुलखात नेऊन वसवायची पद्धत होती. शहर रिकामं मिळालं की जेत्याला खरी लूटच मिळत नाही. माणसं रानात नेणं म्हणजे माणसं वाचवणं आणि राज्यही वाचवणं, दोन्ही त्यात आलं.

गलबत

मी नोकरीनिमित्त यांगूनमध्ये तीन वर्षं होतो. तिकडे बयिन्नौंगबद्दल फार आदर आहे, आणि तो असायलाच हवा. एका माणसानं तीस वर्षांत मणिपूरपासून सयामपर्यंत सगळं एका छत्राखाली आणलं. तेव्हा बाजू त्याचीही समजून घेऊ.

त्याच्या अडचणीचं मूळ अंतरात आहे. पेगूहून निघून आधी अयुथ्येपुढे कित्येक महिने वेढा घालून बसायचं, मग तीच दमलेली फौज घेऊन मेकाँगपर्यंत चालत जायचं. हत्ती, घोडे, हजारो माणसं, सगळ्यांचं पोट वाटेतल्या गावांवर. पावसाळा लागायच्या आत म्हणजे मे महिन्याच्या आत परतायचंच, नाहीतर वाटा बंद. अयुथ्येला तटबंदी होती, तिच्यात राजा होता, म्हणून वेढा घालता आला. जिथे राजाच बसून राहत नाही तिथे वेढा कशाला घालणार? सेत्थाथिरातनं बयिन्नौंगला त्याची ताकद वापरायला जागाच दिली नाही.

एक भर घालतो. १५६८-६९ च्या वेढ्यात सेत्थाथिरातनं अयुथ्येच्या मदतीला फौज पाठवली होती. ती वाटेत ब्रह्मी सापळ्यात अडकून मार खाऊन परतली. तरी पाठवली हे महत्त्वाचं. दान साईचा स्तूप नुसता देखावा नव्हता.

रानजाई

गलबत, ही भर फार मोलाची, मूळ लेखात यायला हवी होती. आणि धान्याबद्दल एक छोटी गोष्ट. लाओसमध्ये रोजचा भात म्हणजे चिकट तांदळाचा, वाफेवर शिजवलेला. सकाळी शिजवून बांबूच्या झाकणाच्या टोपलीत भरतात, तिला तिप खाओ म्हणतात. संध्याकाळपर्यंत तो मऊ राहतो, हातानं गोळा मोडून खायचा, ताट-वाटीसुद्धा लागत नाही. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या वहिनी शेतावर जाताना टोपली खांद्याला अडकवून निघायच्या. ते पाहताना मला त्या रानात गेलेल्या शहराची आठवण व्हायची. ज्यांचं जेवण खांद्यावरून जातं त्यांना घर सोडणं थोडं तरी सोपं जात असेल.

पालीपाठ

मी पाली शिकवतो, तेव्हा शब्दांपुरतं बोलतो. 'थात' म्हणजे आपला धातु, बुद्धाचे अवशेष. फा थात लुआंग म्हणजे महाधातु, महास्तूप. त्याचं सेत्थाथिरातनं ठेवलेलं औपचारिक नाव लोकचूळामणि, म्हणजे जगाचा चूडामणी. विहारातल्या मुख्य सभागृहाला लाओ लोक 'सिम' म्हणतात, तो विनयातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतला, सीमा शब्द. वडिलांचं नाव फोतिसारात म्हणजे बोधिसालराज. अयुथ्या म्हणजे अयोध्या हे सगळ्यांना माहीत असेलच. एप्रिलमधल्या नव्या वर्षाचा सोंगक्रान म्हणजे संक्रांती. त्या दिवसांत लुआंग प्रबांगला फ्रा बांगची मूर्ती बाहेर काढून तिच्यावर सुगंधी पाणी घालतात.

थात लुआंगच्या जागी अशोकाच्या धर्मदूतांनी बुद्धाचे अवशेष आणले अशी तिथली श्रद्धा आहे. हिरव्या बुद्धाची मूर्ती पाटलीपुत्रात नागसेनानं घडवली अशी कथा आहे. हा इतिहास नव्हे, पण पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लाओ माणसाला आपला धर्म कुठून आला हे कसं दिसत होतं ते या कथांतून कळतं.

आणखी एक. फोतिसारातनं १५२७ मध्ये फर्मान काढून 'फी' म्हणजे भूतपूजेवर बंदी घातली, देवळं पाडली. लोकांनी पूजा सोडली नाही. लाओसमध्ये आजही विहाराच्या आवारात फीचं छोटं घर दिसतं. मुलानं वडिलांच्या वाटेनं बंद्या घातल्या नाहीत, विहारं बांधली. मला हा फरक मोठा वाटतो.

शिलालेख

सगळे राजाचं कौतुक करताहेत म्हणून उलटी बाजू मांडतो. चिआंग माईच्या लोकांनी विश्वासानं बारा वर्षांच्या मुलाला राजा केलं आणि तो त्यांची मूर्ती घेऊन गेला, परत दिली नाही. ती मूर्ती १४३४ मध्ये चिआंग राईला वीज पडून फुटलेल्या स्तूपात सापडली होती, मग लांपांग, मग १४६८ पासून चिआंग माईला. ऐंशी वर्षं त्या शहराची. आता लाओ लोक म्हणतात सयामनं आमची मूर्ती नेली. चिआंग माईकरांनी काय म्हणायचं?

रानजाई

शिलालेख, प्रश्न रास्त आहे. मुलाच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की ती त्याच्या आजोळची मूर्ती होती आणि निघाला तेव्हा तो तिथला कायदेशीर राजा होता. पण परत न देण्याचा निर्णय पुढे मोठेपणी घेतलेला आहे, आणि १५५८ मध्ये चिआंग माई ब्रह्मी ताब्यात गेल्यावर परत द्यायची तरी कुणाला, हाही प्रश्न उरला असणार.

या भागात मूर्ती ही राज्याची सनद असायची. जिच्याकडे ती, त्या गादीवर धर्माची कृपा. म्हणूनच १७७९ मध्ये सयामी सेनापती चाओ फ्राया चाक्रीनं व्हिएंतियान घेतलं तेव्हा हिरवा बुद्ध आणि फ्रा बांग दोन्ही नेले. तोच सेनापती १७८२ मध्ये पहिला राम म्हणून गादीवर बसला आणि १७८४ मध्ये मूर्ती बँकॉकच्या नव्या मंदिरात आली. फ्रा बांग लाओसला परत मिळाली, पुन्हा नेली गेली आणि १८६७ मध्ये कायमची परत आली. हिरवा बुद्ध मात्र आला नाही. मी दर पाहुण्याला तिथे नेते तेव्हा आता चिआंग माईचं आणि व्हिएंतियानचं, दोन्ही नावं सांगते. मी तेवढंच करू शकते.

ताकपोहे

आम्ही दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. थात लुआंगला वीस मिनिटं दिली! बाहेर पुतळा होता, मांडीवर आडवी तलवार घेऊन बसलेला. गाइड म्हणाला, "राजा", आणि आम्ही फोटो काढून बसमध्ये. हाच तो का? आणि स्तूपावर खरंच सोनं आहे?

रानजाई

ताकपोहे, हो, हाच तो. तलवार मांडीवर ठेवून तो आपल्या स्तूपासमोर बसला आहे.

स्तूपाचा इतिहास राजाइतकाच खडतर आहे. तुम्ही पुन्हा गेलात तर दुसऱ्या पायरीवर चढून चारी बाजूंना फिरा. तिथे तीस छोटे स्तूप आहेत, बौद्ध धर्मातल्या तीस पारमितांचे, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या सद्गुणांचे. पुढे १६४१ मध्ये, सूर्यवंश (सुरिन्या वोंगसा) राजाच्या काळात, खेरित फान वूस्तॉफ हा डच व्यापारी व्हिएंतियानला आला तेव्हा राजानं त्याची भेट इथेच घेतली. कळसावरच्या सोन्यानं तो दिपून गेला होता. मग १८२८ मध्ये सयामनं व्हिएंतियान बेचिराख केलं. शहर इतकं ओस पडलं की १८६७ मध्ये फ्रेंच मोहीम मेकाँगवरून आली तेव्हा झाडीत स्तूप उभा होता. त्या मोहिमेतल्या लुई दलापोर्तनं त्याची चित्रं काढून ठेवली. नंतर १८७३ मध्ये चिनी हो लुटारूंनी सोन्यासाठी तो फोडला. फ्रेंचांनी १९०० मध्ये केलेली डागडुजी लोकांना पटली नाही. शेवटी १९३० च्या दशकात दलापोर्तची चित्रं समोर ठेवून तो पुन्हा बांधला. आज दिसतो तो हा. सेत्थाथिरातची एकही वीट नजरेला पडत नाही, आकार मात्र त्याचा.

जुनी पेठ

वाट सी मुआंगबद्दल कुणी लिहिलं नाही. राजधानी वसवताना नगरस्तंभ रोवायला खड्डा खणला, वर दोरांनी खांब टांगला आणि कुणी बळी जायला तयार आहे का अशी दवंडी पिटली. सी नावाच्या गरोदर बाईनं खड्ड्यात उडी घेतली आणि दोर सोडले, अशी आख्यायिका आहे. आज ती शहराची रक्षणकर्ती. नवस बोलणाऱ्यांची तिथे सतत गर्दी असते. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली माणसं पुरल्याची कथा आम्ही लहानपणी ऐकली, तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. ही कथा वाचूनही तसंच झालं. बांधणाऱ्या राजाचं नाव सगळ्यांना माहीत, पण नवस बोलायला माणसं सीकडे जातात.

सह्यकडा

जुनी पेठ, शेवटचं वाक्य मनात राहील.
रानजाई ताई, आता शेवट सांगा. १५७० नंतर काय?

रानजाई

सांगते. ब्रह्मी फौज गेली आणि दोनच वर्षांत राजाही गेला. १५७१-७२ मध्ये तो दक्षिणेला अत्तापूकडच्या मुलखात मोहिमेवर निघाला. मेकाँगचा सपाट काठ सोडून थेट डोंगराळ, दाट रानाकडे. तिथून तो परत आला नाही. फौज विस्कटून परतली, राजा तिच्यात नव्हता. त्याला दग्यानं तिकडे ओढून नेलं असं बखरी सांगतात. वय सदतीस-अडतीस. जंगलात ज्याला बयिन्नौंगला शोधता आलं नाही त्याला जंगलानंच ठेवून घेतलं. अत्तापूत एका जिल्ह्याला त्याचंच नाव आहे, सायसेत्था. आणि व्हिएंतियानमध्ये थात लुआंग ज्या भागात आहे त्यालाही तेच नाव.

मुलगा नोकेओ कुमान तान्हा होता. सेन सुलिन्था या सेनापतीनं सत्ता घेतली, सरदारांत फूट पडली आणि १५७४-७५ मध्ये बयिन्नौंगनं जे राजा असताना जमलं नाही ते केलं. व्हिएंतियान घेतलं, लहान मुलाला पेगूला नेलं आणि गादीवर कुणाला बसवलं? १५६५ मध्ये धरून नेलेल्या त्याच उपराजाला, सेत्थाथिरातच्या भावाला. सह्यकडा, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं ना, मागे राहिलेल्यांचं काय? हे झालं. दहा वर्षं शत्रूच्या घरी राहून तो शत्रूचा मांडलिक म्हणून भावाच्या शहरात परतला. त्या माणसाला काय वाटलं असेल याचा मी खूप विचार करते.

बयिन्नौंग १५८१ मध्ये वारला, त्याचं साम्राज्य त्याच्यामागे लवकरच ढिलं पडलं आणि १५९१ मध्ये नोकेओ कुमान, वयाच्या विशीत, वडिलांच्या गादीवर परत आला.

गलबत

म्हणजे रिकामं शहर वीस वर्षांनी भरलं.

अनवट

आम्ही नोव्हेंबरात जायचं ठरवतोय, धाग्यामुळेच. काय चुकवू नये? आणि किती दिवस?

रानजाई

अनवट, नोव्हेंबर उत्तम. बाराव्या लाओ महिन्याच्या पौर्णिमेला थात लुआंगची मोठी जत्रा असते, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास. मेणाच्या फुलांनी सजवलेले छोटे मनोरे घेऊन माणसं मिरवणुकीनं निघतात. पहाटे भिक्खूंना भिक्षा घालायला अक्षरशः हजारो लोक बसतात, तेव्हा पाच वाजता पोचा आणि सोबत एक चटई न्या. व्हिएंतियानला तीन दिवस, लुआंग प्रबांगला तीन. वाट सिएंग थोंग संध्याकाळी बघा, छपरांवर तिरपं ऊन येतं तेव्हा. हो फ्रा केओच्या ओसरीत थोडा वेळ नुसतं बसा.

दान साई थायलंडच्या बाजूला आहे, लोईहून गाडीनं जाता येतं. तिथे जाणार असाल तर लाल काहीही नेऊ नका. रुमाल, पिशवीची नाडी, मुलांच्या टोप्या, सगळं घरूनच तपासून निघा. आणि पायऱ्यांपाशी ते आजोबा दिसले तर बँकॉकची लाल ओढणीवाली विचारत होती असं सांगा.